भाड्याचं सॉफ्टवेअर की एकरकमी? आधी महिने मोजा

खोक्यावर ‘लाइफटाइम’ छापलं म्हणून लायसन्स कायमचं होत नाही. दर महिन्याला पैसे कापले जातात म्हणून ते महागच पडतं, असंही नाही. वर्षातून किती महिने वापरणार आणि पैसे देणं थांबवलं त्या दिवशी आपल्या फायलींचं काय होणार, या दोन गोष्टी कळल्या की निर्णय बहुतेक झालेला असतो. पुढचा हिशोब सेतू केंद्र, फोटो स्टुडिओ, कृषी केंद्र, झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्यांसाठी आणि घरी एकच लॅपटॉप असलेल्यांसाठी आहे.

खोक्यात नेमकं काय असतं

दुकानदार सगळ्यालाच ‘ओरिजिनल’ म्हणतो, पण प्रकार वेगवेगळे आहेत.

पहिला प्रकार एकरकमी लायसन्सचा. एकदा पैसे दिले की ती आवृत्ती तुमची. ऑफिस २०२४ हे त्याचं सरळ उदाहरण. मात्र पुढची आवृत्ती आली तर ती फुकट मिळत नाही, आणि सुरक्षेचे अपडेट ठरलेल्या तारखेपर्यंतच येतात. ऑफिस २०१६ आणि २०१९ चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, विंडोज १० चे नेहमीचे अपडेटही त्याच दिवशी. ऑफिस २०२१ ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६, ऑफिस २०२४ ची ९ ऑक्टोबर २०२९. त्यानंतर प्रोग्राम चालतो, पण त्यातली नवी भोकं कोणी बुजवत नाही. त्यामुळे कोणी आज ऑफिस २०२१ ‘अर्ध्या भावात’ देत असेल, तर किती महिन्यांचे अपडेट उरलेत ते बोटांवर मोजून मगच भाव करा.

दुसरा प्रकार मुदतीचा, म्हणजे सबस्क्रिप्शन. मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि अडोबीचं क्रिएटिव्ह क्लाउड सगळ्यांना माहीत आहे. अडोबीने २०१३ मध्ये जाहीर केलं की सीएस ६ नंतरचं फोटोशॉप फक्त भाड्यानेच मिळेल. गंमत म्हणजे अँटिव्हायरसचा खोकाही याच प्रकारात मोडतो. तो दुकानातून एकदाच रोख देऊन आणतो म्हणून विकत घेतल्यासारखा वाटतो, पण आत एक किंवा तीन वर्षांची मुदतच असते.

तिसरा प्रकार दोन्हींच्या मधला, आणि आपल्याकडच्या दुकानांत हाच जास्त भेटतो: लायसन्स कायमचं, पण अपडेट आणि ऑनलाइन सेवांचे पैसे दरवर्षी. टॅलीचं असंच आहे. टीएसएसची, म्हणजे टॅलीच्या या वार्षिक वर्गणीची, मुदत संपली तरी टॅली उघडतं, खतावणी चालते, जुनी बिलं निघतात. नव्या आवृत्त्या आणि ई-इनव्हॉइससारख्या जोडलेल्या सेवा मात्र थांबतात. याचा अर्थ काय, ते कृषी केंद्रवाल्यांनी नीट समजून घ्यावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबकचे संच, ट्रॅक्टर, काही जैविक कीटकनाशकं यांचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. हा दर जुन्या आवृत्तीतही हाताने बदलता येतो, त्यासाठी कोणी ‘अपडेट घ्यावंच लागेल’ म्हणत असेल तर घाई करू नका. पण मे २०२५ च्या रिटर्नपासून जीएसटीआर-१ मधला एचएसएनचा (मालाच्या कोडचा) तक्ता बी-टू-बी (व्यापाऱ्याला विक्री) आणि बी-टू-सी (थेट गिऱ्हाइकाला विक्री) असा वेगळा भरावा लागतो. असा साचाच बदलला की जुनी आवृत्ती हात वर करते, आणि ते काम मग तुम्ही किंवा तुमचा अकाउंटंट हाताने करत बसतो. म्हणून निर्णय सरळ आहे: रिटर्न स्वतः टॅलीतून भरत असाल तर टीएसएस चालू ठेवा. अकाउंटंट त्याच्याकडच्या सॉफ्टवेअरमधून भरत असेल आणि तुम्हाला फक्त उधारीवही व साठा हवा असेल, तर एखादं वर्ष सोडलं तरी दुकान अडत नाही.

घ्यायची गरज आहे का?

अर्ध्या लोकांचा प्रश्न इथेच मिटतो. अर्ज टाइप करणं, बायोडाटा, पंचायतीचे ठराव, महिला बचत गटाचा ताळेबंद, एवढंच काम असेल तर लिब्रेऑफिस फुकट आहे. नेटशिवाय चालतं, वर्ड-एक्सेलच्या फायली उघडतं, मराठी युनिकोड नीट दाखवतं. अडचण एकाच जागी येते: गुंतागुंतीचे एक्सेल मॅक्रो आणि सरकारी कार्यालयातून आलेले साचे. तेव्हा पैसे देण्याआधी तुम्हाला खरोखर येतात तशा चार-पाच फायली त्यात उघडून, छापून पाहा. मराठी टायपिंगसाठी विंडोजमध्येच मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहे, वेगळं पॅकेज घ्यायची गरज राहिलेली नाही.

पासपोर्ट फोटो आणि साधी बॅनरं जिंप, इंकस्केप किंवा ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीवर होतात. अ‍ॅफिनिटी आधी एकरकमी विकत मिळायचं. २०२४ मध्ये कॅनव्हाने ती कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून कॅनव्हाच्या खात्यावर अ‍ॅफिनिटी फुकट मिळतं. लग्नाचे व्हिडिओ कापायला दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती बऱ्यापैकी पुरते. तिला ग्राफिक कार्ड मात्र चांगलं लागतं, सेकंडहँड आय-थ्रीवर ती रडते. त्याच कंपनीची स्टुडिओ आवृत्ती एकरकमी आहे.

अँटिव्हायरसबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. विंडोज ११ मध्ये डिफेंडर आहेच, आणि घरच्या वापराला तो पुरतो. सेतू किंवा झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह लागतात, तिथे पैसे देऊन घेतलं तर समजू शकतं. सगळ्यात वाईट अवस्था मधली: मुदत संपलेलं अँटिव्हायरस वर्षानुवर्षं तसंच बसलेलं. ते स्वतः काम करत नाही आणि डिफेंडरच्या वाटेत उभं राहतं. नूतनीकरण करायचं नसेल तर ते काढून टाका आणि मशीन परत सुरू करा, डिफेंडर आपोआप जागा होतो.

महिन्यांचा हिशोब

तीन आकडे कागदावर घ्या: सुट्या महिन्याचा दर, वर्षाच्या प्लॅनचा दर आणि एकरकमी किंमत. तिन्हींत १८ टक्के जीएसटी धरलेला आहे का ते पाहा, बऱ्याच ठिकाणी तो शेवटच्या पानावर चढतो. परदेशी चलनात भाव असेल तर कार्डाचं चलन-शुल्कही साधारण २ ते ३.५ टक्के पडतं. तुम्ही जीएसटीत नियमित असाल तर दुकानाच्या कामाच्या सॉफ्टवेअरवरचा जीएसटी परत वळता होतो. बिलावर जीएसटी नंबर टाकायला विसरू नका. कंपोझिशनमध्ये असाल तर तो खर्चच धरायचा.

आता दारव्हा किंवा हिंगणघाटसारख्या तालुक्यातला एक फोटो स्टुडिओ घ्या. समजा, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा सुटा महिना २,००० रुपये आहे, वर्षाचा करार महिन्याला १,६०० आणि तशाच कामाचं एकरकमी सॉफ्टवेअर ४०,००० रुपये. आकडे समजुतीपुरते आहेत, तुमचे तुम्ही टाका.

कामाचे महिने मोजा. तुळशीचं लग्न लागलं की हंगाम सुरू, पौषात थंडावतो, मग माघापासून जूनच्या तोंडापर्यंत धावपळ. चातुर्मासात हळदीचा अल्बमही कोणी मागत नाही. म्हणजे जेमतेम सहा महिने. सुटे सहा महिने घेतले तर १२,००० रुपये. वर्षाचा करार दिसायला स्वस्त, पण बारा महिने भरावा लागतो: १९,२००. म्हणजे महिन्याचा दर कमी असलेला प्लॅन इथे ७,२०० रुपयांनी महाग पडला. एकरकमी ४०,००० ला १२,००० ने भागलं तर तीन वर्षं चार महिने. तेवढा काळ तीच आवृत्ती चालवायची तयारी असेल तर विकत घ्या, नसेल तर सुटे महिने घ्या. हाच स्टुडिओ बारमाही बॅनर आणि वाढदिवसाची पोस्टरं करत असेल, तर सुट्या दराने वर्षाला २४,००० होतात आणि एकरकमी रक्कम वीस महिन्यांत वसूल होते. वखरणीला ट्रॅक्टर तासावर लावायचा की घ्यायचा, हे कास्तकार ज्या हिशोबाने ठरवतो तोच हा हिशोब आहे.

इथे एक सापळा आहे. ‘वर्षाचा करार, पैसे दर महिन्याला’ हा प्लॅन सुट्या महिन्यासारखाच दिसतो. मध्येच सोडला तर उरलेल्या महिन्यांवर दंड लागतो. अडोबीच्या अशा प्लॅनमध्ये पहिल्या १४ दिवसांनंतर रद्द केल्यास उरलेल्या रकमेच्या निम्म्यापर्यंत आकार असल्याचं, आणि तो आकार नीट न दाखवल्याचं प्रकरण अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जून २०२४ मध्ये कोर्टात नेलं. प्लॅन निवडताना ‘कधीही रद्द करा’ असं स्पष्ट लिहिलेला सुटा महिना शोधा. तो यादीत बहुधा सगळ्यात खाली असतो आणि महाग दिसतो.

एकरकमी घ्यायला पैसे कुठून येणार, हेही मोजा. सोयाबीन-कापसाचे चुकारे हातात आल्यावर दिवाळीनंतर घेतलेलं ४०,००० चं सॉफ्टवेअर वेगळं, आणि जूनमध्ये दोन टक्के महिन्याच्या व्याजाने उचलून घेतलेलं वेगळं. दुसऱ्यात वर्षाला ९,६०० रुपये नुसतं व्याज जातं, म्हणजे जवळपास पाच सुट्या महिन्यांचं भाडं.

भाव वाढतात हेही धरून चला. मायक्रोसॉफ्टने ३६५ च्या घरगुती प्लॅनमध्ये कोपायलट हा एआय मदतनीस घालून अनेक देशांत भाव वाढवले. कोपायलटशिवायचा जुना ‘क्लासिक’ प्लॅन चालू ग्राहकांसाठी होता, पण तो रद्द करायच्या पानापर्यंत गेल्यावरच दिसायचा. यावरून ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीवर दावा लावला. म्हणून कुठलंही सबस्क्रिप्शन महाग झालं की ‘रद्द करा’ हे बटण एकदा दाबून शेवटच्या पायरीपर्यंत जा. तिथे सवलत किंवा स्वस्त प्लॅन निघाला तर घ्या, नाहीतर परत फिरा.

घरासाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ घ्यायचंच असेल तर दोन गोष्टी. फॅमिली प्लॅनमध्ये एका घरातली सहा माणसं बसतात, प्रत्येकाला स्वतंत्र एक टीबी जागा मिळते आणि एकाच्या फायली दुसऱ्याला दिसत नाहीत. आणि कंपनीच्या साइटवर ऑटोपे लावण्याऐवजी बारा महिन्यांची की, म्हणजे खात्यावर टाकायचा कोड, अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. बऱ्याचदा ती स्वस्त मिळते, बँक खातं जोडावं लागत नाही, आणि सवलतीत मिळाल्या तर एकावर एक अशा पाच वर्षांपर्यंत चढवता येतात. एक अट लक्षात ठेवा: पर्सनल, फॅमिली आणि ‘होम अँड स्टुडंट’ ही लायसन्सं घरगुती वापराची आहेत. दुकानाच्या कामाला ‘बिझनेस’ लिहिलेलं लागतं.

पैसे थांबले की फाइल कोणाची

प्रत्येक सॉफ्टवेअर इथे वेगळं वागतं, म्हणून घेण्याआधीच हे विचारा.

मायक्रोसॉफ्ट ३६५ संपलं की वर्ड-एक्सेल उघडतात, फाइल वाचता-छापता येते, पण नवी करता किंवा बदलता येत नाही. ती फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडते, त्यामुळे जीव जात नाही. खरी अडचण वनड्राइव्हची, म्हणजे कंपनीकडच्या ऑनलाइन जागेची. फुकटची जागा ५ जीबी आणि तुमचा डेटा २०० जीबी, अशा वेळी नवं काही चढत नाही आणि सहा महिन्यांनंतर कंपनी डेटा पुसू शकते. लाइटरूम क्लासिकमध्ये मुदत संपल्यावर फोटो पाहता येतात, बाहेर काढता येतात, पण फोटो सुधारायचा ‘डेव्हलप’ हा भाग बंद होतो. फोटोशॉप सरळ उघडतच नाही.

म्हणून हंगामाच्या शेवटच्या महिन्यात, मुदत संपायच्या आठवडाभर आधी, हे काम करा. पीएसडी फायली जिंप आणि फोटोपीत उघडतात, तरी ज्या पुन्हा लागणारच त्यांची एक प्रत टिफमध्ये काढा. लग्नपत्रिका आणि बॅनर पीडीएफमध्ये काढा, अक्षरं कर्व्ह करून. कोरेलमध्ये एक जास्तीची काळजी: नव्या आवृत्तीची सीडीआर फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि तालुक्याच्या प्रेसवाल्याकडे बहुधा जुनीच असते. ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना खाली आवृत्ती निवडायची चौकट असते, तिथे त्याच्याकडची आवृत्ती निवडा. व्हिडिओचा प्रोजेक्ट दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा जात नाही. तयार फिल्म आणि कच्चं फुटेज, दोन्ही हार्ड डिस्कवर ठेवा.

एकरकमीतही असाच फास असतो. मराठी डीटीपीची जुनी पॅकेजं यूएसबी डोंगलवर चालायची. डोंगल हरवलं की लायसन्स गेलं, आणि त्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर अगम्य चिन्हं होऊन बसतो. अशा फायली असतील तर डोंगल चालू आहे तोवर सगळं युनिकोडमध्ये बदलून ठेवा. एकरकमी सॉफ्टवेअरला नव्या मशीनवर टाकताना कंपनीचा सर्व्हरही लागतो. अडोबीने सीएस २ ची अ‍ॅक्टिव्हेशन यंत्रणा बंद केली तेव्हा पैसे मोजून घेतलेल्यांनाही वेगळी सोय होईपर्यंत नव्याने बसवता येईना.

लाईन, नेट आणि मदरबोर्ड

सबस्क्रिप्शनला सतत नेट लागतं हा गैरसमज आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ ला ३१ दिवसांत एकदा नेट मिळालं की भागतं, मोबाइलचा हॉटस्पॉट पाच मिनिटं लावला तरी चालतो. डेटा खातं ते पहिल्यांदा बसवताना. खात्याच्या पानावर ‘इन्स्टॉल’च्या शेजारी ‘इतर पर्याय’मध्ये ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो. काही जीबीची ती एक फाइल तालुक्याला चांगल्या वायफायवर पेनड्राइव्हमध्ये घ्या. मध्येच लाईन गेली तरी पुन्हा पहिल्यापासून डाउनलोड करावं लागत नाही.

एकरकमीवाल्यांचा शत्रू वेगळा आहे. मृगाच्या आगेमागे विजा कडाडतात, घरात अर्थिंग धड नसतं आणि मदरबोर्ड जळतो. लॅपटॉप किंवा तयार कॉम्प्युटरसोबत आलेलं विंडोज ओईएम प्रकारचं असतं. ते त्या मदरबोर्डाला बांधलेलं. बाजारातून दुसरा बोर्ड टाकला की लायसन्स त्याच्यासोबत गेलं. वॉरंटीत कंपनीने बोर्ड बदलून दिला तर ते टिकतं. रिटेल लायसन्स महाग असतं, पण नव्या मशीनवर नेता येतं. त्यासाठी आजच विंडोज आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवा. बोर्ड बदलल्यावर ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘अ‍ॅक्टिव्हेशन’मध्ये ‘ट्रबलशूट’ दाबलं की ‘नुकतंच हार्डवेअर बदललं’ अशा अर्थाची ओळ येते, ती निवडून खात्याने आत जायचं.

नव्या लॅपटॉपसोबत आलेल्या ऑफिसचंही बघा. ते आपोआप तुमचं होत नाही, मशीन पहिल्यांदा सुरू केल्यापासून सहा महिन्यांच्या आत आपल्या खात्यावर नोंदवावं लागतं. घाईत दुकानातलं पोरगं स्वतःच्या किंवा दुकानाच्या ईमेलने नोंदवून देतं. अँटिव्हायरसच्या कीचंही तेच. नंतर की परत मिळवायची तर त्याच ईमेलवर संदेश जातो. म्हणून आपला ईमेल आणि पासवर्ड घेऊन दुकानात जा, आणि नोंदणी समोर बसून करून घ्या.

पाचशे रुपयांची की

ऑनलाइन बाजारात विंडोज आणि ऑफिसच्या चाव्या तीनशे-पाचशेत मिळतात. त्यातल्या बऱ्याचशा एखाद्या संस्थेला घाऊक दिलेल्या लायसन्सच्या असतात. कंपनीला गैरवापर दिसला की की बंद होते आणि विकणाऱ्याचं दुकानही तोवर नाव बदलून बसलेलं असतं. त्याहून वाईट ‘लाइफटाइम ऑफिस ३६५, पाच मशीन’. ३६५ चं लाइफटाइम असं काही विकत मिळतच नाही. तुम्हाला एक तयार ईमेल आणि पासवर्ड मिळतो, आणि @ च्या पुढे कुठल्या तरी अनोळखी संस्थेचं नाव असतं. तो त्या संस्थेच्या अ‍ॅडमिनच्या ताब्यातला युजर. अ‍ॅडमिन पासवर्ड बदलू शकतो, वनड्राइव्हमधल्या फायली पाहू शकतो, खातं उडवू शकतो. लोकांचे आधार आणि सातबारा स्कॅन करून ठेवणाऱ्या सेतूवाल्याने असं खातं वापरणं म्हणजे गिऱ्हाइकांची कागदपत्रं परक्याच्या कपाटात ठेवणं.

आपल्या मशीनवर काय बसवलंय ते असं तपासा. खालच्या सर्चमध्ये सी, एम, डी टाइप करून काळी खिडकी उघडा. इंग्रजीत एस, एल, एम, जी, आर ही अक्षरं सलग, मग एक जागा, मग तिरकी रेघ आणि तिला लागून एक्स, पी, आर लिहून एंटर दाबा. छोटी चौकट येईल. ‘कायमचं अ‍ॅक्टिव्हेट’ अशा अर्थाचं वाक्य आलं तर ठीक. तिथे एखादी तारीख दिसली, फार तर सहा महिने पुढची, तर घाऊक अ‍ॅक्टिव्हेशनची पद्धत वापरली आहे. कंपनीच्या ऑफिसात ते चालतं, तुमच्या घरच्या मशीनवर त्याचा अर्थ बहुधा क्रॅक. तिरक्या रेघेनंतर डी, एल, आय लिहिलं तर ओईएम, रिटेल की व्हॉल्यूम तेही दिसतं. मात्र ‘कायमचं’ दिसलं म्हणजे अस्सलच, असंही समजू नका; काही क्रॅक तेही दाखवतात. बिल आणि विक्रेता हाच शेवटी पुरावा.

क्रॅक टाकून देणारा आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतो, आणि डिफेंडरमध्ये एक फोल्डर ‘तपासू नको’ म्हणून नोंदवून जातो. तो फोल्डर तसाच राहतो, पुढे आलेला रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, तिथेच सुखाने बसतो. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंग्जमध्ये तळाशी ‘एक्सक्लूजन्स’ उघडून पाहा. तुम्ही स्वतः टाकलेलं नसेल ते काढा. कायद्याचं म्हणाल तर कॉपीराइट कायद्याच्या ६३-बी कलमाखाली जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरल्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळून पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. दुकानदाराला ती सवलत धरता येत नाही.

ऑटोपे लावताना आणि तोडताना

मोबाइलवरच्या अ‍ॅपचा ‘एक रुपयात सात दिवस’ हा पैशांसाठी नसतो, ऑटोपेची परवानगी मिळवायला असतो. यूपीआय पिन टाकायच्या आधी त्या पानावर तीन ओळी वाचा. रक्कम: ‘अचूक’ आहे की ‘कमाल’? प्लॅन १९९ चा आणि कमाल ९९९ किंवा त्याहून जास्त असेल, तर भाव वाढला तरी नव्याने विचारलं जाणार नाही. वारंवारता: ‘मासिक’ आहे की ‘मागेल तेव्हा’? दुसरं असेल तर मागे फिरा. मुदत: कधीकधी वीस-तीस वर्षं पुढची असते. ती बदलता येत नसेल तर निदान मनात नोंदवा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, आणि साधारण खरेदीत १५,००० पर्यंत दर वेळी ओटीपी मागितला जात नाही. गावाकडे ही सूचना दिसतच नाही, कारण बँकेला दिलेला नंबर बंद सिममध्ये असतो किंवा मेसेजचा खच पडलेला असतो. म्हणून ज्या खात्यात पीएम किसानचे दोन हजार किंवा पीक विम्याचे पैसे येतात, त्या खात्यावर ऑटोपे लावूच नका. महिनाभर शिल्लक नसते आणि हप्ता जमा झाला की पहिला हात अ‍ॅपवाल्याचा लागतो. दुसऱ्या बँकेत छोटं खातं ठेवा, त्यात लागेल तेवढेच टाका.

अ‍ॅप फोनमधून काढल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही, हे घरातल्या पोट्ट्यांना सांगून ठेवा. प्ले स्टोअरमध्ये कोपऱ्यातल्या फोटोवर दाबून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जा आणि तिथून रद्द करा. चुकून घेतलं असेल तर ४८ तासांच्या आत तिथेच परतावा मागा, नंतर अ‍ॅपवाल्याच्या मर्जीवर. पैसे यूपीआयने जात असतील तर फोनपे, गुगल पे किंवा भीममध्ये प्रोफाइलखाली ‘ऑटोपे’ची यादी असते. तिथे पिन टाकून मँडेट, म्हणजे पैसे कापायची दिलेली परवानगी, काढून टाका. कार्डावरचं मँडेट बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘ई-मँडेट’ किंवा ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’खाली सापडतं. क्रम असा ठेवा: आधी सॉफ्टवेअरच्या खात्यातून प्लॅन रद्द, त्याचा ईमेल आला की मग मँडेट रद्द. उलटं केलंत तर वर्षाच्या करारात कंपनी ‘थकबाकी’ म्हणून मागे लागते.

फुकट चाचणी घ्यायचीच असेल तर सुरू केल्यावर लगेच रद्द करा. बहुतेक ठिकाणी उरलेले दिवस तरीही वापरता येतात. येत नसतील तर त्या पानावर तसं लिहिलेलं असतं. आणि दोन-तीन वर्षांचे पैसे आगाऊ भरताना विचार करा. २९ जून २०२० ला सरकारने ५९ अ‍ॅप एका आदेशाने बंद केली. त्यात सगळ्यांच्या फोनमध्ये असलेलं कॅमस्कॅनरही होतं, आणि वर्षाचे पैसे भरलेले लोकही बसून राहिले. कागद स्कॅन करायला आता गुगल ड्राइव्हमधलं स्कॅनचं बटण पुरतं.

रद्द करूनही पैसे कापले तर

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’चे तेरा प्रकार ठरवून दिले आहेत. रद्द करण्याची वाट लपवणं किंवा अवघड करणं हा ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ त्यातलाच एक. रद्द केल्याच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट, मँडेटचा नंबर आणि पैसे कापल्याचा बँकेचा मेसेज, एवढं हाती ठेवून १९१५ ला फोन लावा. तिथे मराठीत बोलता येतं आणि लहान रकमा बहुधा इथेच सुटतात. न सुटल्यास ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. कंपनीचं ऑफिस बेंगळुरूला असो की मुंबईला, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच, म्हणजे यवतमाळचा माणूस यवतमाळलाच, दावा लावू शकतो. ‘धंद्यासाठी घेतलं म्हणून तू ग्राहक नाहीस’ असं उत्तर आलं तर घाबरू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून चालवलेलं दुकान २०१९ च्या कायद्यात ग्राहकाच्या व्याख्येबाहेर जात नाही; ही गोष्ट तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.